गारगोटीचा नाद

आमच्याकडे कोणी नवा पाहुणा आला की सौ. त्याच्या हाती पाण्याचा तांब्या देण्याआधीच एक सूचना देते, "मागच्या अंगणात अनवाणी जाऊ नका हं." पाहुण्याला वाटते, साप-विंचवाचे भय असेल. मग तिला सांगावे लागते की तसे काही नाही. आमच्याकडे दगड फोडतात. मी गोणपाट अंथरूनच बसतो, पण गारगोटीची एखादी कपची उडते आणि नेमकी गोणपाटाच्या बाहेर पडते. तिची धार अशी असते की पाय कापल्याचे पायाला कळत नाही, फरशीवरच्या ठशांवरून घरातल्यांना कळते.

नाशिकरोडला एका बाजूला नोटांचा छापखाना आहे आणि दुसऱ्या बाजूला मध्यवर्ती तुरुंग. मी आयुष्यभर पहिल्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्यातले काम हौसेने करतो, असे माझे मेहुणे चारचौघांत सांगतात. मेहुण्यांच्या विनोदाला उत्तर नसते. पण त्यात एक गोष्ट खरी आहे. नोटांच्या छापखान्यात सगळी कदर एकसारखेपणाची. नंबर सोडला तर एक नोट दुसरीपेक्षा केसभरही वेगळी दिसता कामा नये. दिसली की ती बाजूला. अशा एकसारख्या कागदांवरून नजर फिरवण्यात माझी सदतीस वर्षे गेली. त्यानंतर मी जे हाती घेतले, त्यात एक नग दुसऱ्यासारखा कधी होतच नाही.

मी बंदुकीचे दगड घडवतो. तोड्याची बंदूक आणि टोपीची बंदूक यांच्या मधल्या काळात, म्हणजे साधारण दोनशे वर्षे, जगातल्या बहुतेक सैन्यांच्या बंदुका चकमकीवर उडत. त्या बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा एक चपटा, धारदार तुकडा आवळलेला असे. तो तुकडा मी हाताने, हातोडीने, यंत्राशिवाय करतो. त्याला आज गिऱ्हाईक नाही. नाशकात तर नाहीच नाही.

आपली भाषा या दगडाच्या बाबतीत मोठी गमतीची आहे. ज्यातून विस्तव पाडायचा त्याला आपण 'गार' म्हणतो, आणि थंडगार पाण्यालाही गारच म्हणतो. आभाळातून पडतात त्याही गारा. आणि दोन सैन्यांची किरकोळ गाठ पडली की वर्तमानपत्रे लिहितात, 'चकमक उडाली'. लिहिणाऱ्याच्याही ध्यानात नसते की आपण आजोबांच्या खिशातल्या डबीचे नाव घेतो आहोत.

माझ्या आजोबांच्या खिशात ती डबी खरोखरच होती. इगतपुरीकडचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला तिची किंमत कळेल. काडीपेटी एकदा सादळली की गेली. आजोबांच्या घट्ट झाकणाच्या पितळी डबीत सावरीचा कापूस, पोलादाचा वाकडा तुकडा आणि सुपारीएवढी गार असे. गारेच्या कडेवर कापसाचा पुंजका अंगठ्याने दाबून धरायचा आणि वरून पोलाद झाडायचे. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला कापूस धुमसू लागे आणि आजोबा विडी पेटवत. आम्हा मुलांना वाटे, विस्तव गारेच्या पोटात आहे, आजोबा तो बाहेर काढतात. आजोबांचेही मत तेच होते.

प्रत्यक्षात प्रकार उलटा आहे. गारेची धार पोलादापेक्षा कठीण. ती पोलादाचा अतिबारीक कीस तासून काढते. तासताना तो कीस इतका तापतो, आणि इतका बारीक असतो, की हवा लागताच पेट घेतो. जळते ते लोखंड. गार नुसती ओरबाडते. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने पांढऱ्या कागदावर ठिणग्या पाडून त्यांची राख सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि 1665 साली छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवले की हे वितळून गोल झालेले लोखंडाचे कण आहेत. हे मी वाचले तेव्हा आजोबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती.

बंदुकीकडे मी वळलो तो एका मित्रामुळे. जुन्या नाशकात त्याचा वाडा आहे, आणि वाड्याच्या सोप्यात खुंटीवर एक लांबलचक बंदूक टांगलेली आहे. नळी शिशाने कायमची बुजवलेली, त्यामुळे ती आता शोभेची वस्तू. पण चापाचे यंत्र शाबूत. घोडा होता, कमान होती, पोलादाची उभी पाटी होती. घोड्याच्या जबड्यातली गार तेवढी नव्हती. घरातली आख्यायिका अशी, की 1818 साली कंपनीच्या फौजेने त्र्यंबकच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा मित्राचे पूर्वज ही बंदूक घेऊन किल्ल्यावर उभे होते. मी चापाची पट्टी घासून पाहिली. तिच्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला एक सिंह निघाला. तो ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का. 1808 नंतरच्या हत्यारांवर असे. म्हणजे बंदूक किल्ल्यावरची नव्हे, किल्ल्याखालच्यांची. मित्राने हे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मग ती आम्ही हिसकावून घेतली असणार." इतिहास असाच वाढत असावा.

त्र्यंबक त्या एप्रिलमध्ये फार दिवस टिकला नाही. मालेगावने मात्र मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कंपनीला चांगलेच झुंजवले. आतल्या अरबांचा हात तोड्याच्या बंदुकीवर बसलेला, बाहेर कंपनीचे शिपाई चकमकीच्या बंदुका घेऊन. तोड्याच्या बंदुकीला जळती वात सांभाळावी लागते; रात्री ती लांबून दिसते, पावसात विझते. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढला की घोडा सुटतो, गार पाटीवर घासत खाली येते, पाटी मागे उलटते, तिच्याखाली झाकलेली रंजकाची वाटी उघडी पडते, ठिणग्या नेमक्या तीत पडतात, आणि रंजकाची आग बारीक छिद्रातून नळीतल्या दारूला लागते. लिहायला वेळ लागला, घडायला लागत नाही. पण एवढ्या साखळीत कुठे तरी कडी निसटायचीच. 1834 साली वुलविचला इंग्रज सरकारने दोन्ही जातींच्या बंदुकांचे सहा-सहा हजार बार काढून पाहिले. टोपीची बंदूक 36 वेळा फुसकी निघाली, चकमकीची 922 वेळा. म्हणजे शिपायाने सहा-सात वेळा चाप ओढला की एकदा नुसतीच ठिणगी. या यंत्राचा शेवट ज्यातून सुरू झाला तो शोध अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटलंडमधल्या पाद्र्याचा. त्याला बदकांच्या शिकारीचा नाद. वाटीतली रंजक भडकलेली पाहून बदके गोळी पोचण्याआधीच बुडी मारत. वैतागून त्याने ठोका बसताच पेटणारी दारू वापरणारे चाप बनवले आणि 1807 साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्यातूनच टोपीची बंदूक आली. नांदुरमध्यमेश्वरला हिवाळ्यात बदके पाहायला जातो तेव्हा मला हा पाद्री आठवतो.

तर मित्र म्हणाला, "तुला दगडांची आवड आहे, एक गार बसवून दे." दगडांची आवड मला लहानपणापासून होती हे खरे, पण ती गोळा करण्याची. नाशिक जिल्ह्यात ती सगळ्यांनाच असते. विहीर खणताना काळ्या खडकाच्या पोकळीत एकदम पांढऱ्या स्फटिकांची बाग दिसते. सिन्नरला तर या खनिजांचे 'गारगोटी' नावाचे मोठे संग्रहालयच आहे. ज्याला इंग्रज फ्लिंट म्हणतात तो दगड आपल्याकडे नाही. तो खडूच्या थरांत होतो, आणि आपल्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा आहे. त्या लाव्ह्यात हवेचे बुडबुडे अडकले, त्यांत झिरपून आलेल्या पाण्याने गार भरली. दुधट, निळसर, कधी मधासारखी. पट्टे असले तर अकीक. कठीणपणात ती फ्लिंटला हार जात नाही.

दगड निवडताना डोळ्यापेक्षा कान उपयोगी. डाव्या हाताच्या बोटांवर गार सैल ठेवायची आणि दुसऱ्या गोट्याने हळूच टिचकी मारायची. अखंड गार चिनी मातीच्या कपासारखी वाजते. आत चीर असेल तर बद्द आवाज येतो, आणि असा दगड वरून कितीही देखणा असला तरी पहिल्या घावाला भलतीकडेच फुटतो. भाजीबाजारात नारळ वाजवून घेणाऱ्या बायका मला या कामात गुरुस्थानी आहेत.

मग घाव. लोक समजतात, दगड फोडणे म्हणजे ताकद. पाथरवट टाकी लावून दगड फोडतो, त्याला सरळ रेषेत चिरा हवा असतो. त्याची विद्या वेगळी. गारेला रेघ नसते, थर नसतो. ती काचेसारखी सगळीकडून सारखी. काचेच्या तावदानाला छर्रा लागला की मागच्या बाजूने शंकूच्या आकाराचा टवका उडतो, तसा गारेत प्रत्येक घावाखाली एक अदृश्य शंकू शिरतो. दगडाच्या मधोमध मारले तर शंकू आतच राहतो आणि दगड नासतो. पण काठाजवळ मारले, आणि तिथला कोन काटकोनापेक्षा लहान असला, तर शंकूची एक बाजू मोकळ्या हवेत निघते आणि दगडाचा लांबट छिलका अलगद सुटतो. त्याच्या आतल्या अंगावर शिंपल्यासारख्या लाटा उमटलेल्या असतात. पाण्यात खडा टाकावा आणि ती वर्तुळे तशीच गोठावीत, तशा. त्या लाटा पाहून घाव कुठून आला, किती जोराचा होता, हात शेवटच्या क्षणी कचरला का, सगळे वाचता येते. पुसता काही येत नाही. खोडरबर, रद्द केलेली नोट, दुरुस्तीपत्रक यांची सवय असलेल्या माणसाला हे फार झोंबते, आणि मग फार आवडू लागते.

शिकण्याचे पहिले वर्ष नुसत्या कपच्यांचे गेले. इंग्लंडातल्या सफक परगण्यात ब्रँडन म्हणून एक गाव आहे, तिथे बंदुकीच्या दगडांचा धंदा पिढ्यान् पिढ्या चाले. कंपनीच्या बंदुकांना लागणाऱ्या गारा इंग्लंडातूनच येत. तिथली रीत तीन पायऱ्यांची. आधी मोठा दगड मांडीवर घेऊन त्याच्या फाका पाडायच्या. मग फाकेच्या काठाने एकामागून एक लांब पाती सोलायची. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटावर पाते आडवे धरून त्याचे तुकडे तोडायचे. पात्याची दोन्ही टोके बाद. मधला चौकोनी तुकडा तो बंदुकीचा दगड. शिपायाच्या बंदुकीला सव्वा इंचाचा, पिस्तुलाला पाऊण इंचाचा. कसलेला कारागीर असे दगड दिवसाला हजारोंनी काढी. मी पुस्तकातली चित्रे पाहून जुन्या पहारीचा तुकडा ठोकळ्यात रोवला आणि झिजलेल्या कानशीची हातोडी करून घेतली. पाती निघू लागली, पण तोडताना पाच पात्यांतले चार वाकडे तुटत.

म्हणून खंबायतला गेलो. अकिकाचे मणी घडवण्याचा धंदा तिथे शतकानुशतके आहे. दगड येतो नर्मदेकाठच्या रतनपूरच्या खाणीतून. तो मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आचेवर भाजतात; त्याने त्याला लाली चढते आणि घडवायलाही तो मऊ होतो. तिथे पाहिले तर गल्लीतला म्हातारा कारागीर जमिनीत तिरप्या रोवलेल्या टोकदार लोखंडी खुंटापुढे बसलेला. ब्रँडनला खुंट आणि खंबायतला खुंट! फरक इतकाच, की खंबायतला घाव उलटा. दगड खुंटाच्या टोकाला टेकवायचा आणि हातोडी मारायची समोरून. टवका उडतो तो खुंटाच्या बाजूला. हातोडीचे डोके म्हशीच्या शिंगाचे, दांडी बोटभर जाडीची आणि लवचिक. म्हातारा बोलता बोलता दर टकटकीला एक टवका उडवत होता, आणि प्रत्येक टवका मेथीच्या दाण्याएवढा.

मी माझे एक पाते त्याच्या हाती दिले. त्याने ते उजेडात धरले, बोटांत फिरवले आणि एका टिचकीत मला हवे होते तिथे सरळ तोडले. मग माझ्या हातात हातोडी दिली आणि मनगट धरले. "हात सैल. जोर तुमचा नको, हातोडीच्या वजनाचा." दोन दिवस मी त्याच्या ओट्यावर बसलो. शिकलो तो एवढाच एक सैलपणा. बाकीचे आपोआप आले.

त्या दोन दिवसांत त्याचे एकही लांब वाक्य पुरे झाले नाही. मध्येच खोकला येई. तरुणपणी तो मणी घासण्याच्या चाकावर होता. त्याचे दोन भाऊही त्याच चाकावर होते. ते आता नव्हते. गारेची धूळ पिठासारखी दिसते, पण तिचा प्रत्येक कण कपचीच असतो. तो फुप्फुसात गेला की तिथेच रुततो, आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखे घट्ट होत जाते. डॉक्टर त्याला सिलिकोसिस म्हणतात. यावर उतारा नाही. ब्रँडनचे कारागीरही बंद खोल्यांत बसून याच धुळीने अकाली गेले.

निघताना त्याने विचारले, "हे दगड विकता कुणाला?"

"कुणालाच नाही."

"मग करता कशाला?"

मी म्हणालो, "हौस."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग खुंटीवरचे एक मऊ फडके काढून त्याने माझ्या हातात दिले. "तोंडाला बांधत जा. ज्याचे पैसे मिळत नाहीत त्यासाठी कशाला खोकायचे?"

ते फडके माझ्याजवळ आहे. वापरतो मात्र दुकानातून आणलेली जाड पट्टी. उघड्या अंगणात बसतो, वारा पाठीकडून घेतो, दगड आणि गोणपाट दोन्ही ओले ठेवतो. काम चालू असताना नातवाला अंगणाच्या दारातही उभे राहू देत नाही. तो रुसतो. रुसू दे. हौस आणि धंदा यांत अंतर फार मोठे आहे असे मी पूर्वी मानी. खंबायतहून आल्यापासून मला दिसते की दोघांच्या हातात दगड तोच आणि घावही तोच. मला थांबता येते, त्याला थांबता येत नव्हते, एवढाच काय तो फरक.

आता आमच्या गोदावरीची गोष्ट. रामकुंडावरची गोदावरी सगळ्यांना माहीत आहे. पण गंगापूरच्या धरणाजवळ, जिथे नदीने जुन्या गोट्यांचे थर कापून उघडे पाडले आहेत, तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. हसमुख सांकळिया यांना काळ्या दगडाची घडीव हत्यारे सापडली: हातकुऱ्हाडी, रुंद पात्यांची फरशीसारखी हत्यारे. लाखभर वर्षांहूनही जुनी. त्यावर 1952 साली त्यांचे पुस्तक निघाले. त्याच सुमारास, 1950-51 मध्ये, त्यांनी आणि डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी नाशिकची मातीची गढी आणि प्रवरेकाठचे जोर्वे खणून काढले. गढीच्या तळच्या थरांत रंगीत खापरे आणि गारेची बारीक पाती निघाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्याही आधीचा तो काळ. तांबे हाती आले होते, पण महाग. रोजच्या कापाकापीला गारच.

ती पाती काढण्याची या लोकांची रीत पाहून मी थक्क झालो. आधी गारेच्या एका कडेवर दोन्ही बाजूंनी टवके काढून नागमोडी कंगोरा तयार करायचा. मग त्या कंगोऱ्यालाच वाट दाखवायला लावून पहिले लांब पाते सोलायचे. त्या पात्याने मागे दोन सरळ धारा सोडलेल्या असतात. पुढची पाती त्या धारांवरून उतरतात, एकामागून एक, समांतर. आणि मग? मग ते पाते तोडायचे, टोके टाकायची, मधले सरळ तुकडे लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत डिंकासारख्या चिकट वस्तूने ओळीने बसवायचे. झाला विळा. दात तुटला तर तेवढाच बदलायचा.

म्हणजे मी जो तुकडा घडवतो तो हाच. जोर्वेकराने तो लाकडात बसवून धान्य कापले, ब्रँडनकराने घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळून बसवला आणि त्याने माणसे मारली, आजोबांनी त्याच्यावर विडी पेटवली. मोजमापसुद्धा फारसे बदललेले नाही. अंगठा आणि दोन बोटे यांत जे मावते तेवढे. नाक कापण्यावरून ज्याचे नाव पडले असे लोक सांगतात, त्या गावात धारेचे असे कौतुक निघावे, यात नवल नाही म्हणा.

यातूनच माझ्या छंदाला एक नियम चिकटला. नदीकाठी मी गोटे उचलतो, पण तिथे एकही घाव घालत नाही. कारण माझी कपची आणि तीन हजार वर्षांपूर्वीची कपची यांत फरक करणे पुढेपुढे कठीण होणार आहे. आज माझी चकचकीत दिसते, जुनीवर काळाचा ओप असतो. पण जमिनीत मुरली की माझीवरही चढेल. उद्या कोणी संशोधक तिथे खणील, माझ्या घावांचा हिशेब जुन्या माणसांच्या नावावर मांडील, आणि ते बिचारे खुलासा करायला येऊ शकणार नाहीत. आधीच गोदेकाठी वाळू आणि विटांसाठी इतके उकरले गेले आहे की पुराव्याचे काठ पार विस्कटले आहेत. त्यात आपली भर नको. एखादे घडीव हत्यार वाळूत दिसले तरी ते मी उचलत नाही. कुठल्या थरात, कोणत्या अंगावर पडले आहे ही निम्मी माहिती त्या जागेत असते.

अंगणातल्या कपच्या मात्र मी झाडून गोळा करतो, सौ.च्या मते पुरेशा नाही. तेलाचा रिकामा डबा भरला की परसात खड्डा खणून पुरतो, आणि वर त्या वर्षाचे एक नाणे टाकतो. नोटांच्या छापखान्यातल्या माणसाने नाणे टाकावे याची मला स्वतःलाच थोडी मौज वाटते. पण जमिनीत नोट टिकत नाही. आजवर सहा डबे झाले, सहा नाणी. मेहुणे म्हणतात, गुप्तधन.

मित्राच्या बंदुकीची गार गेल्या दिवाळीत बसली. मधाच्या रंगाची, वरून दोन समांतर धारा असलेली, पुढची कड सरळ. म्हशीच्या चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून ती जबड्यात आवळली. नळीत काही नाही, वाटीत रंजक नाही. नुसत्या ठिणग्या पाहायच्या. सोप्यातले दिवे मालवले. मित्राचे वृद्ध वडील पलंगावर उठून बसले. माझा नातू माझ्या मागे, मी सांगितलेल्या अंतरावर.

घोडा सुटला. खट् असा कोरडा आवाज झाला आणि पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांची एक पसाभर रास वाटीत पडून विझली. एका क्षणात तिथे सगळ्यांचे चेहरे दिसले आणि गेले.

"एवढीच?" नातू म्हणाला. त्याच्या हातात दोन फुलबाज्या होत्या. फुलबाजीतही लोखंडाचा कीसच जळतो हे त्याला सांगावे असे मनात आले, पण तेवढ्यात अंधारातून पलंगावरचा आवाज आला, "पुन्हा ओढ रे."

पुन्हा ओढला. मग नातवाने ओढला. मग वडिलांनी, थरथरत्या दोन्ही हातांनी. बाहेर गल्लीत माळा वाजत होत्या, आणि आत कोणी तरी दर वेळी "आणखी एकदा" म्हणत होते. चकमकीची चांगली गार वीस ते पन्नास बार टिकते. ही एकतिसाव्याला बोथटली. मी खिशातली लहान हातोडी काढली, जबड्यातच तिची कड हलक्या टकटकीने नवी केली, आणि खाली उडालेल्या चार कपच्या विजेरीच्या उजेडात वेचून रुमालात बांधल्या.